पाच पेपरांची निवड : बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातून विषयवार प्रवेश परीक्षांचा आढावा

दहावीचा निकाल लागला की भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतल्या मराठी घरांत पुढचे काही आठवडे एकच विषय चालतो : पोराला कोणते कंबिनेशन द्यायचे? पीसीएमबी की पीसीएमसी, एचईपीएस की सेबा? पीयू कॉलेजच्या फॉर्मवर ही चार अक्षरे लिहिली जातात आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. दोन वर्षांनी, बारावीच्या म्हणजे द्वितीय पीयूसीच्या परीक्षेच्या आगेमागे, दुसरा फॉर्म समोर येतो. त्यात कोणत्या विषयांची प्रवेश परीक्षा द्यायची, किती विषयांची आणि कोणत्या भाषेत, असे प्रश्न असतात. उत्तरे मात्र बहुतांशी आधीच ठरून गेलेली असतात.

नामांकित महाविद्यालये आणि केंद्रीय विद्यापीठे यांच्या प्रवेशासाठी विषयवार प्रमाणित परीक्षा घ्याव्यात का, आणि घेतल्या तर विद्यार्थ्याने विषय कसे निवडावेत, या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत देशभर बरीच चर्चा झाली. ती प्रामुख्याने दिल्लीच्या नजरेतून झाली. हा आढावा सीमाभागातून घेतलेला आहे. इथले मराठी मूल दोन राज्यांच्या आणि एका केंद्राच्या परीक्षापद्धतींमध्ये उभे असते. तिन्हींचे विषय, गुणांचे वजन आणि भाषा वेगवेगळ्या आहेत.

प्रश्न कुठून आला

विषयवार परीक्षेची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत कॉलेज बोर्ड ही संस्था १९०० साली स्थापन झाली, तेव्हा तिच्या परीक्षा विषयवारच होत्या. पुढे बुद्धीचा सर्वसाधारण कल मोजणारी सॅट आली आणि तिच्या जोडीला विषयांच्या वेगळ्या चाचण्या राहिल्या. या दोन्हींत काय अधिक भरवशाचे, हा वाद तिथे खूप रंगला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील सॉल गायझर आणि रॉजर स्टडली यांनी २००१ मध्ये दाखवले, की पदवीच्या पहिल्या वर्षातले यश सॅटपेक्षा विषयचाचण्यांवरून अधिक चांगले सांगता येते. त्याच वर्षी विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी सॅट सोडून अभ्यासक्रमावर आधारलेल्या चाचण्या घ्याव्यात, असा प्रस्ताव मांडला. तरीही २०१२ च्या प्रवेशापासून याच विद्यापीठाने दोन विषयचाचण्यांची अट काढून टाकली. कारण आपल्याला लक्षात ठेवण्याजोगे आहे. इतर सर्व बाबतींत पात्र असलेली बरीच मुले केवळ त्या चाचण्या न दिल्यामुळे बाहेर राहत होती, आणि त्यांत साधनांची वानवा असलेल्या घरांतली मुले जास्त होती. जानेवारी २०२१ मध्ये कॉलेज बोर्डाने विषयचाचण्या बंद करत असल्याचेच जाहीर केले.

आपल्याकडे प्रवास उलट दिशेने झाला. कर्नाटकात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालानंतर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या जागा भरण्याची नवी चौकट आली आणि १९९४ मध्ये राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) विभाग उभा राहिला. आजचे कर्नाटक परीक्षा प्राधिकरण त्यातूनच घडले. भौतिक, रसायन, गणित आणि जीव या चार विषयांचे स्वतंत्र पेपर ही त्याची पद्धत आजही कायम आहे. २०१० मध्ये नव्या केंद्रीय विद्यापीठांनी मिळून एक सामाईक परीक्षा सुरू केली. २००९ च्या कायद्याने स्थापन झालेले आणि आळंद तालुक्यातल्या कडगंचीला वसलेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठही पुढे त्या व्यवस्थेत होते. मार्च २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष एम. जगदीश कुमार यांनी सर्वच केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा बंधनकारक असल्याचे जाहीर केले. पहिल्याच वर्षी जवळपास १५ लाख अर्ज आले.

या घोषणेमागे एक तातडीचे कारण होते. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या काही महाविद्यालयांचा कटऑफ १०० टक्क्यांवर गेला होता. काही राज्यमंडळे सढळ हाताने गुण देतात आणि काही हात राखून देतात, मग त्यांच्या गुणांची तुलना कशी करायची, हा प्रश्न टाळता येईनासा झाला होता.

सीमाभागातल्या मुलापुढच्या वाटा

बीदर-कलबुर्गीतल्या मराठी विद्यार्थ्याला या परीक्षा एकेक करून समजून घ्याव्या लागतात, कारण प्रत्येकीचा हिशेब निराळा आहे.

कर्नाटकच्या सीईटीत, म्हणजे केसीईटीत, प्रत्येक विषय ६० गुणांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत बारावीचे विषयगुण आणि सीईटीचे गुण निम्मे-निम्मे धरले जातात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि कन्नडमध्ये असते. इथल्या मुलासाठी केसीईटीचे खरे वजन मात्र कलम ३७१(जे) मध्ये आहे. ९८ व्या घटनादुरुस्तीने हे कलम आले. त्याखालच्या २०१३ च्या आदेशानुसार तेव्हाच्या हैदराबाद-कर्नाटकातल्या, म्हणजे आजच्या कल्याण कर्नाटकातल्या संस्थांत ७० टक्के जागा स्थानिक विद्यार्थ्यांसाठी आहेत, आणि राज्यभरातल्या संस्थांत ८ टक्के. नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये राज्यातले ३९ तालुके अतिमागास ठरवले, त्यांतले २१ गुलबर्गा विभागातले होते. तो अनुशेष या तरतुदीमागे आहे. कलबुर्गीचे पीडीए, बीदरचे गुरुनानक देव, भालकीचे बीकेआयटी या अभियांत्रिकी महाविद्यालयांत नंबर लागण्यासाठी या कलमाखालचे पात्रता प्रमाणपत्र निर्णायक ठरते. ते असिस्टंट कमिशनरच्या कार्यालयातून वेळेत काढून ठेवणे हा परीक्षेच्या तयारीचाच भाग समजावा.

महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी ही दुसरी वाट. इथे पीसीएम आणि पीसीबी असे दोन गट आहेत आणि विद्यार्थी दोन्ही देऊ शकतो. पीसीएम गटात गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण आहेत, तर भौतिक व रसायनच्या प्रश्नाला एक. म्हणजे २०० पैकी निम्मे गुण एकट्या गणिताचे. अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर ठरतो आणि बारावीच्या गुणांना केवळ पात्रतेपुरती किंमत उरते. ज्याचे गणित पक्के पण बोर्डात गुण बेताचे, त्याला ही परीक्षा मानवते. बोर्डात भरभरून गुण मिळवणाऱ्याला केसीईटीचा निम्मा-निम्मा हिशेब फायद्याचा पडतो. महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त सीमाभागातल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत स्वतंत्र गट आहे. महाराष्ट्राचा दावा असलेल्या ८६५ गावांपैकी आपले गाव आहे का, हे पाहून त्या गटातून अर्ज करता येतो. दुर्दैवाने ही सोय ज्यांच्यासाठी केली, त्यांच्यातल्याच अनेकांना ती फॉर्मची मुदत संपल्यावर कळते.

वैद्यकीयच्या नीटमध्ये विषयनिवडीला वाव नाही. भौतिक, रसायन, जीव हे तीनच विषय आणि सर्वांना तेच. या परीक्षेची शिकवणी बीदरमध्ये भक्कम आहे. १९८९ पासून काम करणारा शाहीन संस्थासमूह देशभरातली मुले बीदरला आणतो. सीमेपलीकडे उदगीर आणि लातूर आहे, आणि ‘लातूर पॅटर्न’ या तिथल्या शिकवणीच्या पद्धतीची ओढ औराद-भालकीला फार पूर्वीपासून आहे. पण अकरावी-बारावीला सीमा ओलांडणाऱ्या कुटुंबाने एक गोष्ट आधी तपासावी. कर्नाटकच्या जागांसाठी पात्रतेची अनेक कलमे आहेत आणि त्यांतले प्रमुख कलम राज्यात किमान सात वर्षे शिकण्याशी जोडलेले आहे. दहावीनंतर बाहेर पडणारे मूल यांतल्या कोणत्या कलमात बसते, याचा उलगडा दाखला काढण्याआधी व्हायला हवा.

गुलबर्गा विद्यापीठ आणि २०२३ मध्ये सुरू झालेले बीदर विद्यापीठ यांच्या महाविद्यालयांत बीए, बीकॉम, बीएस्सीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात. बहुसंख्य मुले याच वाटेने जातात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे, की ज्यांना याहून दूर जायचे आहे त्यांना रस्ता माहीत आहे का. सीयूईटीचा विचार तिथून सुरू होतो.

सीयूईटीत विषय निवडताना

सीयूईटीचे नियम दरवर्षी बदलत आले. २०२२ मध्ये नऊपर्यंत विषय घेता येत, २०२३ मध्ये दहा, २०२४ मध्ये सहा. तज्ज्ञ समितीच्या शिफारशींनंतर २०२५ पासून ही मर्यादा पाचावर आली. एकूण विषय ६३ वरून ३७ झाले : १३ भाषा, २३ डोमेन विषय आणि एक सामान्य अभियोग्यता चाचणी. प्रत्येक पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्नांचा, २५० गुणांचा. सर्व प्रश्न सोडवायचे. बरोबर उत्तराला पाच गुण आणि चुकीला एक वजा. २०२५ च्या शुल्काप्रमाणे खुल्या गटातल्या विद्यार्थ्याला तीन विषयांपर्यंत १,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक विषयाला ४०० रुपये पडत होते. अनुसूचित जाती-जमातींसाठी हेच आकडे ८०० आणि ३५० होते.

पाचाची मर्यादा कर्नाटकच्या पीयूसीच्या चौकटीशी कशी जुळते ते पाहू. पीयूसीला दोन भाषा आणि चार ऐच्छिक विषय असतात. चार ऐच्छिक आणि एक भाषा घेतली की पाच भरतात. एचईपीएसचे इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे चारही विषय सीयूईटीत आहेत. पीसीएमबीचे भौतिक, रसायन, गणित, जीव हे चारही आहेत. या दोन कंबिनेशनच्या मुलाला सरळ मार्ग मिळतो, फक्त सामान्य चाचणी किंवा दुसरी भाषा हवी असेल तर एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो.

अडचण इतर कंबिनेशनमध्ये आहे. संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, शिक्षणशास्त्र आणि तर्कशास्त्र हे पीयूसीतले विषय सीयूईटीच्या २३ च्या यादीत स्वतंत्रपणे नाहीत. सेबा घेतलेल्या मुलीचे संख्याशास्त्र, पीसीएमई घेतलेल्या मुलाचे इलेक्ट्रॉनिक्स दोन वर्षे शिकूनही या परीक्षेत कामी येत नाही. त्यांच्याकडे तीन डोमेन विषय आणि भाषा उरते. बऱ्याच अभ्यासक्रमांना तेवढे पुरते, पण निवडीची जागा अरुंद होते.

गणिताची अट याहून कठीण आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्ससाठी एक भाषा, गणित किंवा अप्लाइड मॅथेमॅटिक्स आणि यादीतले आणखी दोन विषय असा मेळ लागतो. बीकॉम ऑनर्सला गणित किंवा अकाउंटन्सी चालते. म्हणजे एचईपीएसमध्ये अर्थशास्त्रात पहिला येणाऱ्या मुलालाही तिथे अर्थशास्त्र ऑनर्सचा दरवाजा बंद आहे, आणि तो दोन वर्षांपूर्वी, प्रथम पीयूसीच्या फॉर्मवर, बंद झालेला आहे. बेबा कंबिनेशनमधले बेसिक मॅथ्स अप्लाइड मॅथेमॅटिक्सच्या बरोबरीचे धरले जाते का, हे त्या-त्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतूनच ठरवावे लागते.

आणखी एक फसगत २०२५ पासून वाढली आहे. बारावीला कोणतेही विषय असोत, सीयूईटीला हवा तो विषय देता येईल, अशी मुभा परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने दिली. परीक्षा देता येणे आणि प्रवेश मिळणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. दिल्ली विद्यापीठाने बारावीला शिकलेल्याच विषयांची सीयूईटी द्यावी, ही आपली अट कायम ठेवली. एखाद्याने सोपा वाटतो म्हणून न शिकलेला विषय निवडला, त्यात चांगले गुण मिळवले, तरी तिथे ते मोजले जाणार नाहीत. म्हणून आधी अभ्यासक्रम, मग विद्यापीठाची अट आणि शेवटी सीयूईटीचा विषय, हा क्रम उलटू नये. सायबर कॅफेत शेवटच्या दिवशी भरलेल्या फॉर्ममध्ये नेमका तो उलटतो.

किती विषय घ्यावेत याबाबत मार्गदर्शकांमध्ये दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, पाचही घ्या, वाटा खुल्या राहतात. दुसरा म्हणतो, जे अभ्यासक्रम खरोखर हवे आहेत त्यांना लागणारे तीन-चारच घ्या आणि त्यांत जोर लावा. दोन्हींत तथ्य आहे. पण आमच्या भागातले वेळापत्रक पाहता मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे विज्ञान शाखेसाठी अधिक पटते आणि पहिल्याचे कला शाखेसाठी. मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये केसीईटी, एप्रिल-मेमध्ये एमएचटी-सीईटी, मेच्या सुरुवातीला नीट आणि नंतर सीयूईटी, एवढ्या धावपळीत विज्ञानाच्या मुलाकडे पाचव्या पेपराला वेळच नसतो. कलेच्या मुलासमोर बहुधा एवढी एकच परीक्षा असते.

भाषेचा पेपर, पेपराची भाषा

भाषेचे दोन वेगळे प्रश्न एकत्र मिसळले जातात. भाषा हा विषय म्हणून निवडायचा असतो आणि प्रश्नपत्रिकेचे माध्यमही निवडायचे असते.

विषय म्हणून पाहिले तर सीयूईटीच्या १३ भाषांत मराठी आहे, कन्नड आहे, उर्दूही आहे. दिल्ली विद्यापीठाच्या भाषांच्या यादीतही मराठी आहे. कर्नाटकच्या पीयूसीत मराठी हा भाषा विषय म्हणून घेता येतो. म्हणजे ज्याने पीयूसीला मराठी घेतली, त्याला सीयूईटीत मराठीचा पेपर देऊन बीए ऑनर्ससारख्या अभ्यासक्रमांसाठी भाषेचा भाग पूर्ण करता येतो. या पेपरात प्रामुख्याने उताऱ्यांचे आकलन आणि शब्दसंपत्ती पाहिली जाते. घरात मराठी बोलणाऱ्या, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला इंग्रजीच्या पेपरापेक्षा इथे साहजिकच बळ मिळते.

मग मराठी का निवडली जात नाही? शिक्षक दोन कारणे सांगतात. मराठी शिकवणारा व्याख्याता ज्या पीयू कॉलेजात असेल तिथेच हा विषय घेता येतो, आणि विज्ञानाच्या मोठ्या कॉलेजांत मुले हिंदी किंवा कन्नडकडे वळवली जातात. दुसरे कारण मनातले आहे : इंग्रजी घेतली तर सगळीकडे चालेल, ही समजूत. काही अभ्यासक्रमांना इंग्रजीच लागते हे खरे, इंग्रजी ऑनर्सला तर लागतेच. पण सरसकट नाही. २०२२ च्या सीयूईटीत इंग्रजीत ८,२३६ विद्यार्थ्यांना १०० पर्सेंटाइल मिळाले होते. देशभरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या या गर्दीत उतरण्याआधी, आपल्या अभ्यासक्रमाला मराठी चालते का, हे एकदा तरी पाहावे.

माध्यमाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. नीट आणि अभियांत्रिकीची केंद्रीय परीक्षा जेईई मेन या दोन्ही मराठीतून देता येतात, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. कर्नाटकातल्या केंद्रांवर इंग्रजी, हिंदी, कन्नड आणि सर्वत्र उपलब्ध असलेली उर्दू असते. बीदरच्या मुलाला मराठीतून नीट द्यायची तर महाराष्ट्रातले केंद्र घ्यावे लागते. भाषिक राज्यरचनेच्या सीमेवर परीक्षेची सीमा आखली गेल्याचा हा परिणाम आहे आणि तो अन्यायकारक वाटणे स्वाभाविक आहे. तरी व्यवहारात किती मुलांना त्याची झळ बसते, याचाही विचार करायला हवा. कर्नाटकात पीयूसी विज्ञान मराठी माध्यमातून नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले मूल अकरावीला इंग्रजीत उडी घेते आणि दोन वर्षांत त्याची सगळी परिभाषा इंग्रजी होते. अशा मुलाला बारावीनंतर ‘त्वरण’ आणि ‘संवेग’ पुन्हा मराठीत शोधायला लावणे सोयीचे नाही. शंका आली तर इंग्रजी मजकूरच अंतिम मानला जातो, हाही नियम आहे. विज्ञानासाठी इंग्रजी आणि कलेसाठी मराठी माध्यम तपासून पाहणे, हा सल्ला इथले बरेच शिक्षक देतात आणि तो मला रास्त वाटतो.

कलेसाठी तपासून पाहा असे म्हणताना पुस्तकांची अडचण नजरेआड करता येत नाही. सीयूईटीचे प्रश्न एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. विज्ञानात कर्नाटकने एनसीईआरटीचाच अभ्यासक्रम घेतला आहे, त्यामुळे पीसीएमबीच्या मुलाला वेगळे वाचावे लागत नाही. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांची पीयूसीची पुस्तके मात्र राज्याची आहेत आणि त्यांची मांडणी निराळी आहे. एनसीईआरटीची पुस्तके इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत निघतात, मराठीत नाहीत. बालभारतीची बारावीची पुस्तके मराठीत आहेत, पण त्यांचा अभ्यासक्रम महाराष्ट्राचा. म्हणजे प्रश्नपत्रिका मराठीत मिळेल, तिच्या अभ्यासाचे पुस्तक मराठीत नाही. कागदावरची समानता आणि अभ्यासाच्या टेबलावरची समानता यांतले अंतर इथे स्पष्ट दिसते.

मतमतांतरे

या साऱ्याकडे पाहण्याचे तीन प्रमुख दृष्टिकोन आहेत.

पहिला सामाईक परीक्षेच्या बाजूचा. त्याचे म्हणणे असे : मंडळांच्या गुणांची तुलना अशक्य आहे आणि एकच परीक्षा सर्वांना एका रेषेवर उभे करते. पूर्वी औरादच्या मुलाला दिल्ली, हैदराबाद, बनारस इथल्या विद्यापीठांचे वेगवेगळे अर्ज आणि परीक्षा सांभाळाव्या लागत, आता एका अर्जात अनेक ठिकाणी दावा सांगता येतो. बीदरपासून दीडशे किलोमीटरच्या आत असलेले हैदराबाद विद्यापीठ, सोलापूरमार्गे गाठता येणारे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूर केंद्र आणि घराजवळचे कडगंची ही तिन्ही ठिकाणे सीयूईटीच्या कक्षेत आहेत. सीमाभागासाठी हा लाभ खरा आहे. विषयज्ञान मोजणारी चाचणी सामान्य कल मोजणाऱ्या चाचणीपेक्षा शाळेतल्या अभ्यासाला अधिक किंमत देते, हाही या बाजूचा मुद्दा आहे आणि कॅलिफोर्नियाच्या अभ्यासाने त्याला आधार दिला आहे.

दुसरा दृष्टिकोन विरोधाचा. तामिळनाडू विधानसभेने एप्रिल २०२२ मध्ये सीयूईटीविरुद्ध ठराव केला. एनसीईआरटीवर बेतलेली परीक्षा राज्यमंडळांच्या मुलांना मागे टाकते, शिकवणी वर्गांचा धंदा वाढवते आणि बारावीचे वर्ग ओस पाडते, अशी या बाजूची मांडणी आहे. बहुपर्यायी प्रश्नांत इतिहास किंवा समाजशास्त्राचे आकलन कसे मोजणार, असेही शिक्षक विचारतात. कल्याण कर्नाटकात या आक्षेपाला एक स्थानिक बाजू जोडली जाते. नीटसाठी इथे नामवंत शिकवण्या उभ्या राहिल्या, एचईपीएसच्या मुलासाठी तशी व्यवस्था दिसत नाही. शिवाय कलम ३७१(जे)चा आदेश राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत चालतो. दिल्ली किंवा हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात त्याचा उपयोग नाही. ज्या मागासलेपणाची दखल घटनेने घेतली, ती दखल सामाईक परीक्षा घेत नाही.

तिसरा दृष्टिकोन मधला : परीक्षा ठेवा, पण शाळेचे गुणही मोजा. केसीईटीचा निम्मा-निम्मा हिशेब हे त्याचे चालते उदाहरण. त्याचीही परीक्षा झाली. कोविडमुळे २०२१ ची द्वितीय पीयूसी परीक्षा रद्द झाली आणि त्या वर्षी केवळ सीईटीवर प्रवेश झाले. २०२२ मध्ये त्याच तुकडीतली हजारो मुले पुन्हा सीईटीला बसली, तेव्हा त्यांचे बारावीचे गुण न धरण्याचा निर्णय प्राधिकरणाने घेतला. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये तो रद्द केला आणि शेवटी तडजोडीचे सूत्र काढावे लागले. दोन मापे एकत्र करण्यात न्याय आहे, पण एक माप हलले की दुसरेही हलते, हे त्यातून दिसले. तरी तिन्हींत सीमाभागाच्या मुलाला हीच पद्धत अधिक मानवणारी आहे, असे मला वाटते. दोन वर्षांची मेहनत एका तासाच्या हाती पूर्णपणे सोपवली जात नाही, म्हणून.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न तुलनेचा. सीयूईटी अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते. एकाच विषयाच्या वेगवेगळ्या सत्रांतले गुण जुळवण्यासाठी, विद्यार्थी आपल्या सत्रात कितव्या स्थानी आहे हे पाहून समान गुण काढले जातात. एका विषयापुरते ते समजण्यासारखे आहे. पण राज्यशास्त्रातले २०० आणि गणितातले २०० यांची बेरीज करून यादी लावली जाते, तेव्हा दोन विषयांच्या काठिण्याची तुलना कोणी केलेली नसते. गुण सहज मिळतात त्या विषयाकडे वळण्याचा मोह इथूनच येतो. विषयांतील तफावत जुळवण्याची सर्वमान्य पद्धत अजून ठरलेली नाही.

दुसरा प्रश्न परीक्षायंत्रणेवरच्या विश्वासाचा. २०२४ मध्ये नीटच्या पेपरफुटीच्या आरोपांनी देश हादरला आणि इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमावी लागली. त्याच वर्षी केसीईटीत अभ्यासक्रमाबाहेरचे ५० प्रश्न मूल्यांकनातून वगळावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये बीदरमधल्या एका केंद्रावर जानवे काढायला नकार दिलेल्या विद्यार्थ्याला केसीईटीच्या गणिताच्या पेपराला बसू दिले गेले नाही आणि प्रकरण राज्य सरकारपर्यंत गेले. विषयवार पेपर असलेल्या परीक्षेत एक पेपर हुकला की सगळी यादी कोसळते. अशा वेळी फेरपरीक्षा घ्यायची की उरलेल्या विषयांवरून गुण काढायचे, याचा नियम प्रसंग घडल्यावर शोधायची वेळ येऊ नये.

तिसरा प्रश्न माहितीचा, आणि आमच्या भागासाठी तो सर्वांत निकडीचा आहे. कंबिनेशन निवडणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला त्या चार अक्षरांचा दोन वर्षांनंतरचा अर्थ सांगणारी व्यवस्था मराठी शाळांमध्ये नाही. मराठी माध्यमाची हायस्कुले दहावीला थांबतात आणि त्यांच्या शिक्षकांचे काम निकालाबरोबर संपते. पीयू कॉलेजला मूल हाती येते तेव्हा फॉर्म भरून झालेला असतो. मधल्या या आठवड्यांत कोणी बोलायचे, हे ठरलेले नाही. कर्नाटकातल्या मराठी शाळांसाठी महाराष्ट्र जे काही करते, त्यात या मार्गदर्शनाचा समावेश व्हावा आणि कर्नाटकच्या पदवीपूर्व शिक्षण विभागाने मराठीचे व्याख्याते आहेत त्या कॉलेजांची यादी दहावीच्या निकालासोबत द्यावी, या मागण्या खर्चाच्या दृष्टीने लहान आहेत.

ही चौकट लवकरच बदलण्याचीही शक्यता आहे. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला अहवाल दिला. त्यात २+८+४ अशी रचना सुचवली आहे, म्हणजे नववी ते बारावीचे चार वर्षांचे सलग माध्यमिक शिक्षण. द्विभाषा धोरणाचीही शिफारस आहे : कन्नड किंवा मातृभाषा, आणि इंग्रजी. हे स्वीकारले गेले, तर कंबिनेशन निवडण्याची वेळ दहावीनंतर राहील की नववीकडे सरकेल, मराठी हायस्कुलांना बारावीपर्यंत वर्ग मिळतील की त्यांच्या आठवीनंतरची मुले दुसरीकडे जातील, आणि ‘कन्नड किंवा मातृभाषा’ यातल्या ‘किंवा’चा बीदरमध्ये काय अर्थ लावला जाईल, हे तीन मुद्दे सीमाभागातल्या पालकांनी आणि शिक्षकांनी सरकारपुढे आत्ताच मांडायला हवेत.